पाठ केलेलं उत्तर

मुलगी शाळेच्या व्हॅनमधून उतरली तीच रडवेली. महाराष्ट्रात भाषेवरून कुणा यूपीवाल्याला मारल्याचा व्हिडिओ तेव्हा सगळ्यांच्या फोनवर फिरत होता, आणि त्याचा जाब व्हॅनमधली मोठी मुलं आमच्या नऊ वर्षांच्या पोरीला विचारत होती! "तुम लोग हमारे लोगों को पीटते हो," असं रोज चाललं होतं म्हणे.

नवरा फौजेत, पोस्टिंग सीमेवर. इथे यूपीत, तेलीबागेतल्या भाड्याच्या घरात आम्ही दोघीच. शाळेत तक्रार करावी तर मुलं जास्तच छळतील, गप्प बसावं तर पोर मान खाली घालून जगायला शिकेल. माझे बाबा म्हणायचे, अरेला कारे करू नये. साताऱ्यात बसून हे म्हणणं सोपं होतं हो!

शेवटी मी एक वाक्य तयार केलं. जेवणं झाली की मी व्हॅनमधला दांडगा मुलगा व्हायचे, तिला टोचून टोचून बोलायचे, आणि ती म्हणायची, "जिसने मारा, गलत किया. मैंने नहीं मारा." आवाज चढवायचा नाही, रडायचं नाही. माझी लेक तशीही घरात मराठी ऐकून हिंदीतच उत्तरं देते. हे वाक्य तिला घडाघडा येऊ लागलं. व्हॅनमधली चिडवाचिडवी जरा कमी झाली. माझी झोप उडाली ती उडालीच.

एका शनिवारी भर दुपारी आम्ही दोघी बाजारातून ई-रिक्षाने परतत होतो. साताऱ्याहून आईचा फोन आला नि मी मराठीत सुरू झाले, अगदी नेहमीच्या वरच्या पट्टीत. कालव्याकडच्या रस्त्यावर ड्रायव्हरने रिक्षा थांबवली. चिटपाखरू नव्हतं तिथे. तो मागे वळला. तरुण होता, अंगाने आडवा.

"मराठी हैं आप लोग?"

माझी पाचावर धारण बसली. फोन कट केला. नाही म्हणून टाकावं, असंही मनात आलं.

"मेरे भाई को मारा उधर. आप ही के लोगों ने."

लोका सांगे ब्रह्मज्ञान! इतके दिवस पोरीला शिकवणाऱ्या माझ्या तोंडातून शब्द फुटेना. तिला घेऊन उडी मारावी म्हणून मी पिशव्या सावरू लागले. तेवढ्यात तीच बोलली, जेवणाच्या टेबलाशी बोलायची तशी.

"जिसने मारा, गलत किया. मैंने नहीं मारा."

मी तिचं मनगट घट्ट धरलं. गप्प बस गं बाई, आता हा काय करेल देव जाणे!

"जबड़ा टूट गया है उसका," तो म्हणाला. "तार से बाँधा है."

यावर काय बोलायचं ते मी तिला शिकवलंच नव्हतं. व्हॅनमधली सगळी मुलं मी झाले होते, पण मार खाल्लेल्या माणसाचा भाऊ कधी झाले नव्हते. लेक पुढे सरकली. मी मागे ओढत होते तरी सरकली.

"भैया, फिर वो खाते कैसे हैं?"

त्याने गमछ्याने तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिला.

"दलिया," तो म्हणाला. "अम्मा चम्मच से खिलाती हैं."

आणि त्याने रिक्षा सुरू केली.