दारात न मावणारा हौद

आमच्या वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही त्यांनी. का केलं नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. एकदा लांबच्या एका मावशींनी चहा पिता पिता विचारलं, तर वन्सं म्हणाल्या, "वेळ झाला नाही. साखर अजून लागेल का तुम्हाला?" मावशी नंतर साखरेबद्दलच बोलत राहिल्या.

वेळ झाला नाही, हे मात्र खरंच होतं. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा वन्सं फायबरच्या कारखान्यात लागल्या. भावाचं शिक्षण, भावाची नोकरी, भावाचं लग्न, म्हणजे माझंच, सगळं त्या कारखान्यातून निघालं. तिथे होड्या बनत, बसची बाकं बनत, पोहण्याच्या तलावावरच्या घसरगुंड्या बनत. काचेच्या धाग्यांची चटई साच्यावर अंथरायची, तिच्यावर मधासारखं दिसणारं रेझिन ओतायचं आणि रोलर फिरवून हवेचा एकेक बुडबुडा बाहेर काढायचा. काचेची कूस अंगात घुसते, म्हणून घरी आल्या की ऐन थंडीतसुद्धा आधी गार पाण्याने अंघोळ. गरम पाणी घेतलं तर कूस आत शिरते म्हणे. मी नवी नवरी होते तेव्हा न्हाणीघरातून येणारा त्यांचा तो हुडहुडीचा आवाज ऐकून देवाचं नाव घ्यायची.

रस्त्याकडची मोठी खोली त्यांची. सासूबाईंनी तोंडी सांगून ठेवलं होतं, आणि तोंडी सांगितलेलं आम्ही सगळे पाळत आलो.

निवृत्त झाल्यावर शोभेच्या माशांच्या एका दुकानदाराने त्यांना फुटकी टाकी सांधायला बोलावलं. टाकी सांधून आल्या त्या दोन पाकटं घेऊन. गोड्या पाण्यातली पाकटं. बशीएवढी, चपटी, काळ्या अंगावर पांढरे ठिपके आणि शेपटीला विषारी काटा. मी म्हटलं, "वन्सं, जगात मांजरं संपली का?"

"मांजर लाडीगोडी लावतं," त्या म्हणाल्या. "ही लावत नाहीत. मला आवडलं ते."

नावंही साधी ठेवली, थोरली आणि धाकटी. पण लाडीगोडीचं त्यांचं चुकलंच. वन्संच्या पावलांचा आवाज आला की दोघी काचेला पोट चिकटवून उभ्या राहत आणि पदर हलवावा तशा कडा हलवत. वर्षभरात बशीची ताटं झाली. काचेच्या टाकीत त्यांना वळता येईना, कडा काचेला घासायला लागल्या.

नेमकी त्याच सुमारास आमच्या ह्यांना ती खोली हवीशी झाली. एका दातांच्या डॉक्टरला रस्त्यावरची जागा भाड्याने पाहिजे होती. हे जेवताना म्हणाले, "ताई, तू वरच्या खोलीत जा ना. एकट्या बाईला असं कितीसं लागतं?"

"एकटी कुठे? तिघी आहोत."

"ते मासे दुकानात परत दे."

"तू तुझे गुडघे परत देतोस का? ते पण चालत नाहीत." वन्संनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मला हौद करायचाय. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत."

ह्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं आणि हसले. "कर की. दारातून आत आण म्हणजे झालं. माझी काही ना नाही."

"शब्द दिलास."

"दिला."

नंतर मला स्वयंपाकघरात येऊन म्हणतात, "दार केवढं आणि भिंत केवढी. कारखान्यातून होडीएवढा हौद आणेल आणि उंबऱ्यावर अडकवून ठेवेल. मग आपणहून वरच्या खोलीत जाईल." मी कणीक मळत राहिले. वन्संनी चाळीस माणसांच्या होड्या केल्यात, त्यांना दार दिसत नसेल असं मला काही वाटलं नाही.

चार दिवसांत दारातून आत आल्या प्लायवूडच्या फळ्या. मग चटईच्या गुंडाळ्या, मग रेझिनचे डबे. सुतार आला, त्याने खोलीतच फळ्यांचा खोका उभा केला. कोपऱ्यांवरून त्याची आणि वन्संची जुंपली. पाकटं कोपऱ्यात नाक घासत बसतात, म्हणून वन्संना आतून सगळं गोल हवं होतं. सुतार म्हणाला, "बाई, कोपरा गोल केला तर त्याला कोपरा कोण म्हणणार?" वन्सं म्हणाल्या, "कुणी म्हणू नये म्हणूनच सांगतेय."

हे बाहेरून आले आणि दारातच थबकले. "हे काय चाललंय?"

"दारातून आत आणतेय," वन्सं म्हणाल्या. "एकेक करून."

ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण शब्द दिला होता, आणि आमच्या घरात दिलेल्या शब्दाचं काय होतं ते वर सांगितलंच. त्यांनी डॉक्टरला मात्र 'नाही' कळवलं नाही. "महिनाअखेरच्या रविवारी येऊन बघून जा," असं फोनवर सांगताना मी ऐकलं. होऊ दे तिची हौस, पुढचं पुढे, असा त्यांचा हिशेब असावा.

रेझिनच्या वासाने मासे मरतात, म्हणून काचेची टाकी आमच्या जेवणाच्या टेबलाशेजारी आली. वन्संनी तोंडाला मास्क बांधला आणि खोक्यात उतरल्या. वय झालेलं, कंबर धरलेली, पण हातात रोलर आला की ती बाई निराळीच. भिंतींवर, तळावर, गोल कोपऱ्यांवर थरावर थर चढले. शेवटचा थर देऊन बाहेर आल्या तेव्हा हौद आरशासारखा चकाकत होता.

दुसऱ्या दिवशी हात लावला तर चिकट. तिसऱ्या दिवशीही चिकट. ह्यांनी बोट लावून पाहिलं आणि त्यांना खूप दिवसांनी आनंद झाला. "ताई, छान झालाय. मासे नाही तर नाही, माश्या तरी धरता येतील."

वन्सं बादली उचलून जेवणाच्या खोलीत गेल्या. ती थट्टा मलाच लागली. कारण त्याच सकाळी जेवणाच्या खोलीत धाकटीच्या कडा वर वळल्या होत्या, वाळक्या पानाच्या वळतात तशा. पाकटाच्या कडा अशा वळल्या की ते फार काळ जगत नाही, एवढं मला वन्संकडूनच कळलं होतं. त्या दिवसातून दोनदा टाकीतलं अर्धं पाणी बदलत होत्या. मी रोज देवापुढे सगळ्यांसाठी मागते, त्या दिवशी धाकटीसाठीही मागितलं. जीव तो जीव, त्याला मोठा-लहान आपण ठरवायचं नाही.

वन्सं हौदाच्या काठावर बसल्या होत्या. मी जवळ गेले तर स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "मूर्ख आहे मी. कारखान्यात चांगली बाजू साच्याला लागलेली असायची. उघडी बाजू म्हणजे मागची बाजू. ती हवेने चिकटच राहते, पण बसच्या बाकाच्या मागे कोण हात लावतो? इथे उघडी बाजूच पाण्याची आहे. जन्मभर जी बाजू कुणी पाहिली नाही, ती मी पहिल्यांदा वर ठेवली."

"मग आता?"

"घासायचं सगळं. वर मेण घातलेला थर द्यायचा. मेण वर येतं आणि हवा अडवतं. पण या गारठ्यात ते सुकायचं नाही."

"मी देवाला सांगितलंय."

"बरं केलंस. आता त्याच्या वतीने ऊठ आणि खोली गरम करायचं काहीतरी बघ."

घरात तेलाचा हीटर एकच होता, ह्यांच्या गुडघ्यांसाठी घेतलेला. मी तो ओढत नेला. संध्याकाळी ह्यांनी हाक मारली, "अगं, माझा हीटर?"

"वन्संच्या खोलीत आहे. शेक हवा असेल तर तिथे जाऊन बसा."

मला वाटलं होतं, ओरडतील. ते खरंच गेले. वन्सं हौदात गुडघ्यांवर बसून पॉलिशपेपरने तळ घासत होत्या, केसांपासून पायांपर्यंत पांढऱ्या झाल्या होत्या.

"ताई, पुरे कर. ती धाकटी मरेल अशाने. दुकानात दे, जगेल तरी."

"त्याच्याकडे एवढी टाकी नाही. विचारून आलेय मी. हट्टापायी जीव घेईन असं वाटलं तुला?" वन्संनी पॉलिशपेपर उलटा केला. "आणि ठेवतो म्हणाला असता, तरी खोली सोडली नसती. ते वेगळं."

हे थोडा वेळ खुर्चीत बसले. परत आले ते हीटर न घेता.

मेणाचा थर सुकला. बोटाला काचेसारखा लागला. मग पाणी भरायचं, ठेवायचं, ओतून द्यायचं, पुन्हा भरायचं. वास पूर्ण जाईपर्यंत वन्संनी घाई केली नाही. धाकटीने खाणं सोडलं होतं, तरी केली नाही. महिनाअखेरच्या रविवारी सकाळी जुन्या टाकीची गाळणी हौदाला लावली, तळाला वाळू पसरली आणि दोघींना टबातून आणलं, कारण जाळीत काटा अडकतो. थोरली टबातून सुटली ती भिंतीपासून भिंतीपर्यंत एकदम गेली. धाकटी तळाशी तशीच पडून राहिली, कडा वर.

तेवढ्यात डॉक्टर आले. खोलीत डोकावले आणि हसू आवरत ह्यांना म्हणाले, "हे केव्हा हलवणार?"

ह्यांनी वन्संकडे पाहिलं. वन्संनी कपाटाखालून कापायचं यंत्र काढलं आणि हौदाच्या काठावर ठेवलं. "दारातून जाणार नाही ते. ज्याला न्यायचंय त्याने कापावं. पण धाकटी हलेपर्यंत इथे आवाज करायचा नाही. नंतर सुद्धा आधी मला विचारायचं."

कुणी यंत्राला हात लावला नाही.

"डॉक्टर, माझं चुकलं," हे म्हणाले. "ही खोली द्यायची नाहीये. माझी बहीण राहते इथे."

"दार लाव," वन्सं पाण्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "गार वारा येतोय."

ह्यांनी दार लावलं. डॉक्टर बाहेर राहिले आणि हे आत. मग आम्ही तिघं काठाशी उभे राहिलो, मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत. बराच वेळ काही झालं नाही. मग धाकटीची एक कड खाली आली, दुसरी आली, आणि तिने अंग फडफडवून वाळू उडवली. पुन्हा उडवली. वाळू तिच्या पाठीवर बसत गेली आणि शेवटी नुसते दोन डोळे वर राहिले.

"बसली," वन्सं म्हणाल्या आणि ह्यांच्याकडे वळल्या. "आता उठवून दाखव."