तळ्याकाठच्या मुक्कामाचा कागद

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायला तोंड उघडलं की जीभ भलतीकडंच वळते — आताही वळेल, तेवढं सांभाळून घ्या.

बेळगावच्या कॅम्पात एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात मी बावीस वर्षं काम करतो. परदेशी दौऱ्यांचं टेबल माझं. सरकारी अधिकारी अभ्यासाला बाहेर जातात, त्यांची तिकिटं, व्हिसा, विमा, मुक्काम, तिथली गाडी, सगळं मी लावून देतो. आणि सुरक्षेच्या सूचना. कुठल्या भागात जायचं नाही, कुठला रस्ता टाळायचा, काही झालं तर कुणाला फोन करायचा. मी स्वतः? मूळचा जांबोटीकडचा, आणि गोव्याच्या पलीकडं कधी गेलेलो नाही. माणसं जायची, परत येऊन टेबलाशी बसायची आणि सांगायची. मी ऐकायचो. मला तेवढं पुरायचं — असं मी म्हणायचो.

सुमतीआक्का शेती खात्यात मोठ्या हुद्द्यावर होत्या. निपाणीच्या जैन घराण्यातल्या. घरचा तंबाखूचा व्यापार, पण या शिकून नोकरीत आलेल्या. त्यांच्या डोक्याचं काय सांगू! शेतकरी समोर आला की त्याचं नाव, बापाचं नाव, गट नंबर, गेल्या साली त्या तुकड्यात काय होतं, सगळं तोंडपाठ. कागद न बघता. कानडीत विचारलं तर कानडीत, मराठीत विचारलं तर मराठीत. मी एकदा हसत म्हटलं, "आक्का, तुमास्नी वही लागत न्हाय?" तर म्हणाल्या, "माणूस ध्यानात ठेवायचा, मारुती. वही हरवती."

तंबाखू सोडून शेतकऱ्यानं दुसरं काय लावावं, हे बघायला पाच जणांचं पथक आफ्रिकेत, मलावीला जायचं ठरलं. प्रमुख आक्का. दौरा माझ्याकडं आला.

त्या देशात एक तळं आहे. तळं म्हणायचं आपलं, पलीकडचा काठ दिसत नाही. मी कॉम्प्युटरवर त्याचे फोटो बघितले आणि बघतच राहिलो. एवढं गोडं पाणी! लाटा येतात, होड्या जातात, आणि सूर्य पाण्यातनंच वर येतो. दौऱ्यात त्या तळ्याचं काही काम नव्हतं. पण दोन दिवसांचा मुक्काम मी तिथं घातला. कुणी सांगितलं नव्हतं. आक्कांना म्हटलं, "बघून या, आणि मला सांगा." त्या म्हणाल्या, "तू म्हणतोस तर बघू."

निघायच्या दोन दिवस आधी, शनिवारी दुपारी, तिथल्या आपल्या उच्चायुक्तालयाकडून माझ्याकडं सूचना आल्या. दोन पानं.

मी लोकांना — म्हणजे चौकशीत — असं सांगितलं की नेहमीप्रमाणे त्या छापून पथकाच्या फाइलीत घातल्या. आणि मनाला वर्षभर असं सांगत आलो की गडबडीत घालायच्या राहिल्या. विसरलो. माणूस विसरतो, नाही का?

मी विसरलो नव्हतो. मी ती दोन्ही पानं वाचली होती. स्वच्छ लिहिलं होतं, पाऊस फार झालाय, तळ्याकाठचा रस्ता धोक्याचा आहे, नदीवरच्या पुलाचा भराव खचतोय, तिकडं जाऊ नये, मुक्काम राजधानीतच ठेवावा. मी ते पुन्हा वाचलं. मग वाटलं, ही मंडळी नेहमीच घाबरवतात. वाटलं, वरच्या साहेबांना सकाळीच सगळं पक्कं झालं म्हणून सांगितलंय, आता मोडलं तर काय म्हणतील? आणि वाटलं — हे सांगायला जड जातंय — मग तळं कोण बघणार?

पानं मी टेबलाच्या खणात सरकवली. फाइलीसोबतच्या यादीत तिकीट, विमा, मुक्काम, सूचना, अशा चारी ठिकाणी खुणा केल्या. आक्का फाइल न्यायला आल्या. एकेक कागद मोजून घ्यायची त्यांची रीत माझ्या टेबलावर कधीच नव्हती. "तू बघितलंस न्हवं? मग झालं," म्हणाल्या आणि यादीखाली सही केली. यादी ऑफिसात राहिली, फाइल त्यांनी नेली.

पुढचं मला महांतेशनं सांगितलं. तो पथकातला सगळ्यात तरुण अधिकारी. तळ्याकडं जाताना पुलाच्या अलीकडं रस्ता खचला आणि गाडी कलंडून पाण्यात गेली. चौघं बाहेर पडले, त्यातल्या एका वयस्कर साहेबांचं कमरेचं हाड मोडलं. ड्रायव्हरचे पाय आत अडकले होते. पाणी त्याच्या हनुवटीपर्यंत. आक्का सगळ्यांत शेवटी बाहेर पडत होत्या — त्या परत फिरल्या. पोहता येत नव्हतं त्यांना! छातीएवढ्या पाण्यात, एका हातानं दार धरून, दुसऱ्या हातानं त्या अनोळखी माणसाचं डोकं वर उचलून उभ्या राहिल्या. गावातली माणसं दोर घेऊन येईपर्यंत तासभर. तो त्याच्या भाषेत काहीतरी म्हणत होता आणि या त्याला मराठीत सांगत होत्या, "हाय मी, हाय."

महांतेश सांगताना थांबला. म्हणाला, "अण्णा, मी काठावर उभा होतो. मला जाता आलं नाही." मी मान खाली घातली. त्याला वाटलं, ती त्याच्यासाठी.

ड्रायव्हर वाचला. फाइल वाहून गेली.

चौकशी झाली. सूचना मिळाल्या असताना पथक तिकडं गेलंच कसं? मला बोलावलं. समोर यादी ठेवली आणि विचारलं, सूचनांचा कागद दिला होता का? शेजारच्या खुर्चीत आक्का. हाताला अजून पट्टी. मी म्हटलं, "दिला होता साहेब. सही आहे."

आक्का माझ्याकडं वळल्या. रागानं नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या काहीतरी आठवायला बघत होत्या. कपाळ आकसून, मनापासून. मग साहेबांना म्हणाल्या, "सही माझीच आहे. तो दिला म्हणतोय तर दिला असणार."

हलगर्जीपणाचा ठपका त्यांच्यावर आला. होऊ घातलेली बढती थांबली.

इथवर तुम्हाला वाटेल की हाच माझा गुन्हा. मलाही काही दिवस तसंच वाटलं.

आठवड्यानं आक्का ऑफिसात आल्या. नेहमीच्या खुर्चीत बसल्या. पाणी प्यायल्या. आणि म्हणाल्या, "मारुती, माफी मागाय आल्ये बघ. तू कागद दिलास आणि मी वाचलाच न्हाय. त्या साहेबांची कंबर गेली माझ्यापायी. तुलाबी उगंच चौकशीला उभं ऱ्हावं लागलं. मला आठवतच न्हाय रं तो कागद. किती आठवलं तरी येत न्हाय."

खण माझ्या गुडघ्याला लागत होता. पानं आतच होती. हात घालायचा आणि बाहेर काढायची, एवढंच काम.

मी म्हटलं, "असू द्या आक्का. वय झालं की हुतंय."

हे मी म्हटलं. कुणी म्हणायला लावलं नव्हतं.

त्यानंतर त्या वही ठेवायला लागल्या. शेतकऱ्यांची नावं लिहून घ्यायच्या. पाठ असलेली नावंसुद्धा दोनदा विचारायच्या. त्यांच्या मालकांनी त्यांना कोल्हापूरला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. आक्कांनी विश्वास ठेवला नाही. माझ्यावर ठेवला. नोकरीची दोन वर्षं शिल्लक असताना राजीनामा दिला. म्हणाल्या, आता माझ्या भरवशावर माणसं सोडणं बरं नव्हं.

गेल्या महिन्यात कामासाठी निपाणीला गेलतो. त्यांच्या घरी गेलो. का गेलो, तेही सांगता येत नाही. चहा झाला. त्यांनी वही उघडली, पानं उलटली आणि म्हणाल्या, "तुझी थोरली औंदा बारावीला न्हवं? लिवलंय मी." मग आपणहून तळ्याचं काढलं. गाडी कलंडायच्या आधी वाटेत लांबनं दिसलं होतं म्हणे. "मारुती, काय सांगू तुला! दुसरं आभाळच जिमिनीवर ठेवल्यागत. तू म्हणालतास म्हणून बघाय मिळालं." डोळे भरून आले त्यांचे. एवढं सगळं होऊनही त्या माझे उपकार मानत होत्या, आणि मी बशीतला चहा पीत होतो. असं माणूस मी दुसरं बघितलेलं नाही.

मी उठलो, पाया पडलो आणि भलतीच, कोल्हापूरची बस पकडली. पुढच्या थांब्यावर उतरून माघारी वळलो. तरी त्यांच्या दारी गेलो नाही. बेळगावला आलो.

कागद मी दिला नव्हता. आक्का काहीही विसरल्या नव्हत्या.