भिंतीजवळची ओल

"मॅडम, एवढंच लिहून द्या की पाणी तिकडून येतंय," विल्फ्रेड अंकल म्हणाले.

मी त्यांच्या हॉलमध्ये भिंतीजवळ गुडघे टेकून बसले होते आणि फरशीवरची पांढरी पूड बोटाने चोळून बघत होते. पाणी कुठून येतंय ते मला अजून माहीत नव्हतं. अंकलना मात्र कित्येक वर्षांपासून माहीत होतं.

'तिकडून' म्हणजे भिंतीपलीकडून. तिकडे त्यांची धाकटी बहीण सेलिन एकटी राहायची. गिरगावातल्या एका वाडीतलं हे त्यांचं बैठं घर. आईवडील गेल्यावर वाटणी झाली आणि अंकलनी लांबलचक हॉलच्या बरोबर मधोमध विटांची भिंत घातली. फरशी मात्र एकच राहिली. भिंत तिच्यावरच उभी होती. अंकल बँकेतून ऑफिसर म्हणून रिटायर झालेले. बोलणं स्वच्छ, शर्ट घरातही इस्त्रीचा. बहिणीशी बोलणं बंद.

मी जुन्या फरश्या पूर्ववत करून देते. सिव्हिलचा डिप्लोमा आहे, काळाचौकीला छोटंसं ऑफिस आहे. कार्डावर 'फ्लोअर रिस्टोरेशन' लिहिलंय. माझ्या सासूबाई शेजाऱ्यांना सांगतात, "सून फरश्या पुसते." दोन्ही खरं आहे.

अंकलची फरशी भाजलेल्या लाल मातीची, ग्लेझ नसलेली. ग्लेझ म्हणजे काय ते मी सगळ्यांना असं सांगते: बशीवर चहा सांडला तर फडक्याने पुसला जातो. मडक्यावर सांडला तर मडकं तो पिऊन टाकतं. ही फरशी मडक्याच्या जातीची. तेल, चहा, फिनेल, जे द्याल ते पिते आणि प्यायलेलं लपवत नाही. खालून ओल आली तर तीही वर आणते. पाणी उडून जातं, त्यातलं मीठ पांढरं होऊन वर राहतं. मिस्त्री लोक त्याला लोणा म्हणतात.

हा लोणा घालवायला अंकलनी आधी ॲसिड टाकून घासून घेतलं होतं. ॲसिडने सांध्यातला चुना खाल्ला आणि मिठात भर घातली. मग कुणाच्या तरी सल्ल्याने वर चकचकीत कोटिंग मारलं. कोटिंगने ओलीचा वर यायचा रस्ता बंद केला. ओल थोडीच थांबते? तिने कोटिंगच उचललं. भिंतीच्या कडेने दुधाळ फोड आले होते.

अंकलना दोन गोष्टी हव्या होत्या. मुलीचा, शॅरनचा, साखरपुडा घरीच होता. मुलाकडचे वसईहून येणार होते, तेव्हा फरशी चमकायला हवी होती. आणि माझा रिपोर्ट हवा होता, लेटरहेडवर. वकिलाशी बोलून ठेवलं होतं. सेलिनचं बाथरूम तोडून घ्यायचा त्यांचा बेत होता.

"आधी फरशी स्वच्छ करू," मी म्हटलं. "रिपोर्टचं नंतर बघू."

माझ्या अशोक मिस्त्रीने कोटिंगवर स्ट्रिपर लावला. हे केमिकल जुनं कोटिंग सैल करतं. मग नायलॉनच्या मऊ ब्रशने घासायचं, आणि मळकं पाणी फरशीने प्यायच्या आत व्हॅक्युमने ओढून घ्यायचं. त्यानंतर साध्या न्यूट्रल क्लीनरने धुवायचं. ॲसिडची बाटली अशोकने आधीच बाहेर नेऊन ठेवली होती. कोटिंग निघालं आणि खालून जो लाल रंग वर आला तो बघून शॅरन म्हणाली, "डॅडी, हे असं होतं? मग झाकलंत कशाला?"

डॅडींनी पेपर उघडला.

फरशी वाळत आली तेव्हा मी प्लास्टिकचे चौकोनी तुकडे जागोजागी चिकटपट्टीने घट्ट बसवले. ही साधी टेस्ट आहे. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला घाम धरला तर खालून पाणी येतंय. दुसऱ्या दिवशी हॉलच्या मधले, दारातले, खिडकीखालचे तुकडे कोरडे होते. भिंतीलगतचे सगळे घामाने थबथबलेले.

"बघितलंत?" अंकल जवळजवळ आनंदाने ओरडले. "बरोबर तिच्या भिंतीजवळ!"

भिंत त्यांनीच घातली होती, पण मी तो विषय काढला नाही. म्हटलं, पलीकडची बाजूही बघावी लागेल.

सेलिन आंटीने दार उघडलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी. मी कोण ते तिला ठाऊक होतं. वाडीत सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

"ये गो बाय. काय म्हणतो साहेब? माझ्या मोरीचं पाणी?"

"असं त्यांचं म्हणणं आहे."

"मी एकटी बाई. आंघोळ एक बादली. त्याच्यात त्याचं घर बुडवते मी?" ती हसली, पण लगेच काठी टेकून खुर्चीत बसली आणि हळू आवाजात विचारलं, "खरंच तोडायला लावतील का गो? मला आता वाकून संडासला जमणार नाय. ह्या गुडघ्यासाठी म्हणून तर सगळं नवीन करून घेतलंय."

मी म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही. तिची फरशी तीच, त्याच भट्टीची, नुसती पाण्याने पुसलेली. भिंतीलगत ओल होती, पण अंकलच्या बाजूपेक्षा कमी. आणि तिचं बाथरूम मागच्या अंगाला, या भिंतीपासून बरंच लांब.

मी प्लंबरला बोलावलं. अंदाजाने भिंत फोडण्यापेक्षा प्रेशर टेस्ट बरी. सगळे नळ बंद करायचे, लाइनीत पंपाने दाब भरायचा आणि गेज लावून बघत बसायचं. काटा जागेवर राहिला तर पाइप धड. खाली आला तर कुठेतरी गळतंय. आधी सेलिन आंटीची लाइन घेतली. काटा हलला नाही. तिने मला जेवून जा म्हटलं.

मग अंकलची लाइन. काटा आधी थांबल्यासारखा वाटला आणि मग हळूहळू उतरू लागला. प्लंबर एकेक वॉल्व्ह बंद करत गेला. वॉशिंग मशीनचा वॉल्व्ह बंद केला तेव्हा काटा थांबला.

"अंकल, मशीनला पाइप कुठून नेलाय?" मी विचारलं.

 शॅरननेच सांगितलं. भिंत बांधताना पाइप आतून घेतला होता. बाहेरून दिसायला नको म्हणून.

मी प्लंबरला आणि शॅरनला बाहेर पाठवलं आणि अंकलना नीट सांगितलं. पाणी त्यांच्याच पाइपाचं आहे. ते भिंतीतून उतरून दोन्हीकडे जातंय. म्हणजे खरं तर बहिणीने तक्रार करायला हवी होती.

अंकलनी गेजच्या काचेवर टिचकी मारली. "हे मीटर खराब असू शकतं."

"मग तिच्या लाइनीला बरोबर कसं चाललं?"

"बरं." ते खिडकीकडे वळले. "मग सील करून टाका. चांगला महागातला सीलर आणा. पाहुणे जाईपर्यंत वरून दिसायला नको."

"ओल्या फरशीवर सीलर धरत नाही. पुन्हा फोड येतील, तेही पाहुण्यांसमोर. आधी पाइप बदलावा लागेल."

"बदला."

"पाइप आहे तिथे तुमच्या बाजूने भिंतीला किचनचे ओटे, कपाटं पक्की बसवलेली आहेत. सगळं तुटेल. पलीकडून नुसती खालची विटांची ओळ काढली की झालं. पण त्यांची परवानगी लागेल."

"तुम्ही घ्या की. तुमचं तिच्याशी जमलेलं दिसतंय."

मी पलीकडे गेले. सेलिन आंटीने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं ती खूश होईल. तिने डोळे मिटले, छातीवर क्रूस केला आणि म्हणाली, "म्हणजे बाथरूम वाचलं." आणि मग लगेच, "त्याला सांग, तोंड आहे ना तुला? येऊन बोल."

मी परत आले. अंकल म्हणाले, पायात कळ आहे. पुन्हा गेले. ती म्हणाली, काठी पाठवते. माझ्या कामाच्या बिलात ही ये-जा कुठे घालायची ते मला अजून कळलेलं नाही. शेवटी शॅरनने बापाच्या चपला दारात सरळ करून ठेवल्या आणि नुसती उभी राहिली.

अंकल गेले. बहिणीच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले. मी मागे होते. त्यांनी घसा साफ केला.

"सेलिन, ह्या मॅडमना भिंत फोडायची आहे."

सेलिन आंटीने माझ्याकडे बघितलं, मग भावाकडे. "फोडू दे. बांधली तरी तिने थोडीच होती?"

अंकलचे कान लाल झाले. ते काहीतरी पुटपुटले. मला त्यातलं फक्त 'गुडघा' ऐकू आलं. ती म्हणाली, "आहे बरा. आत ये, दारात उभा राहू नको, मच्छर येतात."

भिंतीच्या तळाच्या विटा काढल्या. आतला पाइप जोडावर गंजला होता आणि तिथून पाण्याची बारीक धार उडत होती. नवीन लाइन टाकली, आणि पुन्हा भिंतीत नाही तर बाहेरून. पण मातीची फरशी वाळायला तिचा वेळ घेते. तिला साखरपुड्याची तारीख कोण सांगणार? अंकलच्या बाजूला पंखे लावले तरी प्लास्टिकला घाम धरतच होता. सेलिन आंटीची बाजू बहुतेक कोरडी होती. साखरपुडा तिच्याकडे झाला. वसईचे पाहुणे तिच्या दारातून आले, तिच्या फरशीवर नाचले, आणि 'काय जुनं सुंदर घर आहे' असं तिला म्हणाले. अंकल कोपऱ्यात पाहुण्यांसारखे बसून होते. शॅरनने आत्याला ओढून मधे आणलं आणि काठीसकट नाचवलं.

नंतर अंकलची बाजू पूर्ण वाळली, मीठ ब्रशने कोरडंच झाडून काढलं आणि आत मुरणारा सीलर लावला. तो वर थर धरत नाही. डागांना अडवतो, वाफ जाऊ देतो. फरशी दिसायला जशीच्या तशी राहते.

"चमक कुठेय?" अंकलनी विचारलं.

मी थोडं पाणी टाकलं. ते मोत्यासारखं वर उभं राहिलं. त्यांचं समाधान झालं नाही, पण त्यांनी मान हलवली.

वकिलाचं पुढे काही झालं नाही. भिंत मात्र पुन्हा पूर्ण बांधली गेली, तसा दोघांचाही आग्रह होता. पुढे एकदा मी फरशी तपासायला गेले तेव्हा लोणा कुठेच नव्हता. अंकलचे एक जुने मित्र आलेले होते. त्यांनी विचारलं, "इथे ओल होती ना रे? कुणाचं पाणी होतं शेवटी?"

"जुनं घर आहे," अंकल म्हणाले. "कुणाचं म्हणून सांगायचं?"

मातीच्या फरशीवर काहीही लावण्याआधी ती खालून कोरडी आहे का ते बघावं. ओल कुणाची ते क्लायंटला एकट्याला गाठून सांगावं. आणि सांगण्याआधी चहा पिऊन घ्यावा. नंतर कुणी विचारत नाही.