पत्र्याच्या शेडमधले तीन फोटो

माझा राग नाकावर असतो, हे सिडकोतल्या आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. त्यात हातात कॅमेरा आला की मग बघायलाच नको. दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षांनी मी पहिला चांगला डिजिटल कॅमेरा घेतला आणि घरातल्या माणसांना पळता भुई थोडी केली.

वेड होतं एचडीआरचं. आमच्या घराला उजेड एकाच बाजूने. स्वयंपाकघराचा फोटो काढायचा तर ओटा नीट दिसायचा तेव्हा खिडकी पांढरीफटक व्हायची, आणि खिडकीबाहेरचा पेरू दिसायला लागला की ओटा काळा ठिक्कर. एचडीआरमध्ये यावर इलाज होता. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा, हलवायचा नाही, आणि एकाच जागेचे लागोपाठ तीन फोटो घ्यायचे. एक काळपट, एक मधला, एक उजेडाने फाटलेला. मग कॉम्प्युटर तिन्हींतलं चांगलं तेवढं उचलून एक फोटो बनवतो. अट एकच. तीन फोटो होईपर्यंत समोरचं काहीही हलता कामा नये. हललं की ते फोटोत दोनदोनदा, पुसट उमटतं. फोटोवाले त्याला भूत म्हणतात.

मला आमच्या जागा साठवून ठेवायच्या होत्या. ज्या पाटात मी पोहायला शिकलो तो बुजवून रस्ता करायचं चाललं होतं. वडील ज्या लिंबाखाली कंपनीच्या बसची वाट बघायचे तो लिंबही आज ना उद्या जाणार होता. म्हटलं, सगळं जाण्याआधी फोटोत घेऊ. रविवारी सकाळी ट्रायपॉड खांद्यावर टाकून मी निघायचो आणि आई मागून म्हणायची, "निघाली वरात."

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते सटाण्याकडचे. तरुणपणी सातपूरला आले आणि एकाच कंपनीत लेथवर अठ्ठावीस वर्षं काढली. घरामागे त्यांनी पत्र्याची एक शेड उभारली होती. नव्वदच्या दशकात रविवारी तिथे गल्लीतल्या लोकांची रीघ असायची. कुणाचं कुलूप अडकलंय, कुणाची किल्ली हरवलीय, कुणाच्या शिलाई मशीनचा पार्ट तुटलाय. अण्णा कानस घेऊन बसायचे आणि नुसत्या नजरेने किल्ली घासायचे. ती पहिल्याच फटक्यात लागायची. सुईत दोरा ओवायचा असला तरी आई त्यांनाच हाक मारायची. बोलणं कमी, हात पक्का. मला त्यांचा फार अभिमान होता. तो कधी बोलून दाखवला नाही, ते राहिलंच.

शेडचा फोटो सगळ्यात अवघड होता. आत अंधार, दारातून ऊन. नुसती शेड घेतली असती तर प्रश्न नव्हता, पण मला त्यात अण्णा हवे होते, त्यांच्या स्टुलावर, हात मांडीवर ठेवून. तेव्हा त्यांना रिटायर होऊन वर्ष झालं होतं. मी त्यांना बसवलं आणि सांगितलं, "मी सांगेपर्यंत हलू नका."

तीन फोटो घेतले, कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर मोठे करून बघितले. शेड खणखणीत, अण्णांचा चेहरा स्वच्छ, आणि उजव्या हाताच्या जागी धूर.

"अण्णा, हात हलला."

"बरं."

परत तीन. परत हात. पाच-सहा वेळा तरी झालं असेल. मी चिडत गेलो. शेवटी ओरडलोच, "हात हलतोय अण्णा तुमचा! एवढं साधं जमत नाही? दोन मिनिटं गप्प ठेवता येत नाही एक हात?"

आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं. त्यांना कशाला बोलतोस?"

अण्णांनी डावा हात उजव्यावर ठेवला आणि दाबून धरला. मला तेही नको होतं. म्हटलं, तसं नको, नैसर्गिक ठेवा. त्यांनी डावा हात काढून घेतला. थोड्या वेळाने अहिराणीत विचारलं, "व्हयनं का तुनं?" सटाण्याची बोली ते घरात फारशी बोलत नसत. मनातून हलले की मगच ती तोंडात यायची. हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, "झालं, जा आता."

पुढे दोन संध्याकाळी मी कॉम्प्युटरपुढे बसून त्या हाताशी झुंजलो. शेवटी सगळ्यांत कमी हललेल्या फोटोतला हात कापून तिथे बसवला, कडा पुसल्या, बोटं रेखली. असा बेमालूम झाला की माझा मीच खूश. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते काही खोटं नाही. मोठी प्रिंट काढली, फ्रेम केली, बाहेरच्या खोलीत लावली. येणारा-जाणारा म्हणायचा, वा, काय फोटो आहे. अण्णा एकदा बराच वेळ त्यापुढे उभे होते. म्हणाले, "हात चांगला केलास." मी ते शाबासकी म्हणून घेतलं.

पुढची अडीच वर्षं आठवली की आजही मला माझी लाज वाटते. अण्णांच्या बशीत चहा सांडायचा आणि मी म्हणायचो, लक्ष कुठे असतं तुमचं? त्यांचं अक्षर बारीक होत गेलं, मुंगीएवढं, तर मी म्हणालो, कागद वाचवताय का. शेडमध्ये जाणं त्यांनी बंद केलं. कुणी कुलूप घेऊन आलं तर आतूनच सांगायचे, बाजारात नवं मिळतं. मला वाटलं, रिटायर झाल्यावर माणूस आळसावतो.

मग एका सकाळी त्यांना शर्टाची बटणं लावता येईनात. आई घाबरली. मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अण्णांना चालायला लावलं, बोटं मिटायला-उघडायला लावली आणि कंपवात असल्याचं सांगितलं. "हात कधीपासून थरथरतोय?"

मी म्हणालो, "चारेक महिने झाले असतील."

अण्णा म्हणाले, "अडीच वर्षं."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. डॉक्टर म्हणाले, हा आजार बरा होत नाही, पण गोळ्या तेव्हाच सुरू केल्या असत्या तर मधली वर्षं पुष्कळ सोपी गेली असती. हातातलं काम असं सुटलं नसतं.

घरी आल्याबरोबर मी कॉम्प्युटर लावला. शेडचे मूळ फोटो तसेच होते, सगळे. एकामागून एक भराभर पुढे सरकवले. शेड हलत नव्हती, स्टूल हलत नव्हतं, अण्णांचा चेहराही हलत नव्हता. फक्त उजवा हात, प्रत्येक फोटोत बोटभर इकडे, बोटभर तिकडे. मांडीवर स्वस्थ ठेवलेला माणसाचा हात असा हलत नाही. इतकं स्वच्छ दिसत होतं आणि मी दोन संध्याकाळी बसून तेवढंच पुसलं होतं.

अण्णा बाहेर खुर्चीत बसले होते. मी त्यांच्यापुढे जमिनीवर बसलो. भांडल्यासारखंच विचारलं, "अण्णा, अडीच वर्षं तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. मला सांगायचं नाही का?"

त्यांना माझ्या प्रश्नाचं खरंच नवल वाटलं.

"अरे, तूच तर सांगितलंस मला," ते म्हणाले. "हात हलतोय म्हणून. ओरडलास सुद्धा. म्हटलं, याला माहितीय. मग परत काय सांगायचं?"