चपलेचा बेडूक

हेमलता गुप्ते यांच्या चपला कधी कचऱ्यात गेल्या नाहीत. निळी रबरी स्लीपर झिजली की त्या ती कात्रीनं कापायच्या, विस्तवाजवळ धरून पोटाला गोलाई आणायच्या, खाली दुतोंडी गळ बसवायच्या आणि जुन्या साडीच्या पदराचे गोंडे मागं बांधायच्या. झाला बेडूक! दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये असे एकोणीस बेडूक एका स्टीलच्या डब्यात राहत होते. शेजारणींना वाटायचं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. वाटू दे.

बाई मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, माहेर भंडाऱ्याकडचं. तिकडे गावोगाव तलाव. वडील विश्वास बोरकर शाळामास्तर, पण खरा जीव मरळ माशात. मरळ म्हणजे दिल्लीवाल्यांची सौल. काळसर, लांबुडकी, दात अस्से! गांडुळाला ती विचारत नाही. पानांवरून बेडूक चालला की मात्र तिला राहवत नाही. वडिलांनी मुलीला दोनच गोष्टी शिकवल्या. बेडूक पाण्यात आपटायचा नाही, आधी पानावर ठेवायचा आणि मग अलगद खाली घसरवायचा. आणि मरळीनं झडप घातली की लगेच ओढायचं नाही. ती आधी बेडूक नुसता दातांत धरते, मग आत घेते. तेवढ्या वेळात आपलं नाव, बापाचं नाव, आडनाव, असं सावकाश घ्यायचं. मग झटका.

मानेसरच्या पुढं एका गावात मोठा जोहड आहे, तळंच ते. गावातले लोक माशांना कणकेच्या गोळ्या घालतात, मासे कोणी खात नाही. तिथल्या म्हाताऱ्या नंबरदारानं, म्हणजे गावच्या पाटलानं, बाईंना एका अटीवर परवानगी दिली होती. “बहनजी, पकड़ो, पर वापस छोड़ो.” बाईंनी गळांचे काटे ठोकून सपाट केले, म्हणजे मासा सोडताना फाटत नाही. तीस वर्षं सुट्टीचा रविवार तिथंच. नवरा श्यामकांत स्कूटर चालवायचे आणि बाभळीखाली पेपर वाचत बसायचे. गळाला त्यांनी कधी हात लावला नाही. दिल्लीनं त्यांचं केव्हाच ‘गुप्ताजी’ करून टाकलेलं, त्यावरही ते कधी बोलले नाहीत. स्वभावच तसा, थंडगार.

आणि मार्चमध्ये बाई जिन्यावरून पडल्या. उजवं मनगट. प्लास्टर निघालं, मशीनचे शेक झाले, पण डॉक्टरांनी सांगून टाकलं की पहिल्यासारखा झटका आता विसरा. बाईंनी घरी येऊन डब्यावर चिठ्ठी चिकटवली, ‘वैभवीसाठी’. वैभवी म्हणजे ऑफिसातली नवी मुलगी, तिला मासेमारीचा नवाच शौक लागलेला. सप्टेंबरातल्या एका रविवारी बाई म्हणाल्या, “शेवटचं एकदा जाऊन येऊ. नाही जमलं तर उद्या डबा देऊन टाकते.” आवाज अगदी साधा. पण आदल्या दिवशी त्या स्वयंपाकघरात भाजी न चिरता नुसत्या उभ्या होत्या, हे श्यामकांतांनी पाहिलं होतं.

जोहडावर पोचले तेव्हा ऊन कोवळं होतं. बाईंनी पहिला बेडूक फेकला. तो चार हातांवर पडला, फदकन. दुसराही तसाच. डाव्या हातानं फेकला तर बाभळीत अडकला. बाईंनी काठी खाली ठेवली.

“चला घरी,” त्या म्हणाल्या. डोळे भरून आलेले.

श्यामकांतांनी पेपराची घडी केली. “आण इकडे.”

“तुम्हाला येतं का काही?”

“तू सांग, मी करतो. पस्तीस वर्षं ऑफिसात तेच केलं.”

आता हसावं की रडावं! पण माणूस निमूटपणे फेकत राहिला. पाचव्या खेपेला बेडूक पानावर टेकला. “हळू... घसरवा आता,” बाई कुजबुजल्या. बेडूक पाण्यात उतरला आणि धप्प! पाणी फुटलं. श्यामकांतांनी घाबरून काठी खस्सकन वर ओढली. बेडूक उडून आला आणि त्यांच्याच सदऱ्यावर आपटला.

“अहो! नाव घ्यायचं ना आधी! सांगितलं होतं की नाही?”

“सॉरी, सॉरी. यार, केवढी होती ती!”

म्हणजे माणसाला चटक लागली. बाईंनी ते बरोबर हेरलं, पण तोंड फुगवूनच ठेवलं. अर्धा तास काही नाही. जागा बदलली. पलीकडे पानांत हाताएवढी मोकळी जागा होती. श्यामकांतांनी बेडूक तिच्या कडेला ठेवला, बाईंनी मान हलवल्यावर घसरवला.

पाणी उसळलं. दोर ताणला. बाईंना वाटलं, आता हा माणूस ओढणार, नक्की ओढणार!

त्यांनी ओढलं नाही. डोळे घट्ट मिटून, हजेरी घ्यावी तसं मोठ्यानं म्हणाले, “हेमलता... विश्वास... बोरकर!” आणि दिला झटका.

काठी वाकली. “रीळ फिरव, रीळ!” ते ओरडले. रिळाची मूठ डावीकडे होती आणि बाईंचा डावा हात धडधाकट होता. त्यांनी धरली काठी, बाईंनी रीळ फिरवलं, खांद्याला खांदा लावून. तीन किलोची तरी असेल मरळ. चिखलात गुडघे टेकून बाईंनी गळ सोडवला आणि तिला पाण्यात धरलं. शेपटीचा एक फटकारा, गेली.

बाई तशाच बसून राहिल्या. लग्नानंतर ते नाव त्यांनी ह्या पाण्याशिवाय कुठंच उच्चारलं नव्हतं, आणि इथंही फक्त ओठांत.

“तुम्हाला कसं माहीत, मी माहेरचं नाव घेते?”

“तीस वर्षं पेपर वाचत होतो होय मी?” श्यामकांत सदऱ्यावरचं शेवाळ झटकत म्हणाले. “एक पान उलटायला मला तास लागतो का?”

बाई रडल्या, चांगल्या पोटभर. मग चिखलाच्या हातानंच त्यांनी डब्यावरची चिठ्ठी खरवडून काढली. परत निघताना स्कूटरवर मागं बसल्या आणि म्हणाल्या, “वैभवीला मी नवीन करून देईन. तुमच्या त्या तपकिरी चपला फार झिजल्यात.”

“नवीनच आहेत गं त्या!”

“चला,” बाई म्हणाल्या.