खाटेखाली पार पडलेला बघण्याचा कार्यक्रम

चहाचा कप आधी खाली ठेवा. हसताना अंगावर सांडला तर मी जबाबदार नाही! लग्नासाठी मुलगी बघायला गेला आणि अख्खा कार्यक्रम खाटेखाली पडून उरकून आला, असा दुसरा माणूस जव्हार-मोखाड्यात असेल तर आणून दाखवा.

जव्हारला माझं मोटार दुरुस्तीचं दुकान. पंप, पंखे, गिरण्या, येईल ते बघतो. पोशेरा गावचे काशीनाथबाबा कौलं चाळताना छपरावरून पडले आणि त्यांची कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, डोक्याकडून वर होणारी खाट हवी. माझे मामा त्यांचे शेजारी. मामांचा लगेच फोन.

"भाच्या, खाट तू बनव. बाबांची लेक यमुना आश्रमशाळेत शिकवते, लग्नाची हाय. खाट बसवायला म्हणून ये आणि पोरगीही बघ. नाय जमलं तर कुणाला काय बोलायला नको!"

फोटोही पाठवला. तो मी किती वेळा पाहिला ते विचारू नका! मनात एकच धाकधूक, मी तिला पसंत पडेन का?

सामान घेऊन पोशेऱ्याला गेलो आणि बाबांचीच लोखंडी खाट घेतली. डोक्याकडचा भाग कापून बिजागऱ्यांवर बसवला आणि खाली लावला अ‍ॅक्चुएटर. घाबरू नका, नाव मोठं, वस्तू साधी. मोटार आणि नळीतून सरकणारा दांडा. एक बटण दाबलं की दांडा बाहेर, डोकं वर. दुसरं दाबलं की दांडा आत, डोकं खाली. सोबत माहितीचा कागद होता. तो मी वाचला का? छे! पंधरा वर्षं मोटारी उघडणाऱ्या कारागिराने कागद वाचायचा म्हणजे अपमानच की!

बटण दाबलं. घुंईईई करत खाट वर! यमुना दारातून बघत होती. मग काय, मला चेवच चढला. तेवढ्यात अख्खा पाडा गोळा झाला.

"मला बी बसव की!"

"या मावशी, झोपा! घाबरू नका!"

वर, खाली. वर, खाली. मावशी झाल्या, काका झाले, पोरं झाली, मामा तर दोनदा झाले. शेवटी बाबांना अलगद निजवलं आणि बटण दाबलं. खाट वर गेली. खाली यायचं बटण दाबलं.

काहीच नाही.

पुन्हा दाबलं. चिडीचूप! बाबा ताठ बसलेले, नजर समोरच्या भिंतीवर.

"पावणं," बाबा म्हणाले, "देव्हाऱ्यात बसवल्यावानी वाटतंय. आता आरती करता का?"

सगळे खो खो हसले. आता सरळ सांगावं ना, की बाबा, बिघाड झालाय? पण दारात यमुना! माझ्या तोंडून निघालं, "मुद्दाम थांबवलंय. लोड टेस्ट चालू आहे."

"मग उतरवू का बाबांना?" मामांनी विचारलं.

"अजिबात नाही! टेस्ट बिघडेल!"

बघा, स्वतःच्या हाताने परतीचे दोर कापले! लाईट होती. वायर कापून पुन्हा जोडली. बटणाची डबी उघडून बंद केली. शेवटी ठरवलं, पिन काढून दांडा मोकळा करायचा आणि खाट हाताने खाली आणायची. खाटेखाली शिरलो, पिन ओढली आणि बाबांसकट सगळं ओझं माझ्या खांद्यावर! पुढे सरकता येईना, मागे येता येईना.

"पावणं, कुठं गेलात?" वरून बाबा.

"इथंच आहे! टेस्ट... छान... चाललीये!"

तेवढ्यात समोर दोन पाय आले. यमुना खाली वाकली. हातात पोह्यांची बशी! एका हाताने खाट पेलत मी दुसऱ्या हाताने पोहे खाल्ले. सांगा, असा नवरदेव कुणी बघितलाय?

"शिक्षण किती?" तिने विचारलं.

"आय... टी... आय."

"इंग्रजी वाचता येतं?"

"येतं की!"

"मग हे वाचलंत का?" तिने मोटारीवर चिकटवलेल्या इंग्रजी सूचनेवर बोट ठेवलं. "दोन मिनिटं चालवा, अठरा मिनिटं थंड होऊ द्या. जास्त तापली तर मोटार आपोआप बंद पडते. तुम्ही किती वेळ चालवली?"

"बारा मिनिटं तरी झाली असतील!" मामा ओरडले. आता माझ्या बाजूने कोणी उरलं नव्हतं.

यमुनेने मोठ्या माणसांना हाक मारली, खाट धरायला लावली आणि स्वतः पिन बसवली. अठरा मिनिटं आम्ही सगळे घड्याळाकडे बघत बसलो. मग तिनेच बटण दाबलं. घुंईईई! बाबा आडवे झाले आणि लगेच घोरायलाही लागले.

मी तोंड लपवत जव्हार गाठलं. सोयरीक गेली, असं समजून दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी मामांचा फोन.

"पोरगी हो म्हणाली!"

"खरं?" मी उडालोच. "माझी कारागिरी आवडली ना?"

"कारागिरी कसली, भाच्या! ती म्हणाली, खोटं बोलताना ह्याचे कान लालभडक होतात. असा नवरा सांभाळायला सोपा."

लग्नाला चार वर्षं झाली. मे महिन्यातही मी घरात कानटोपी घालून बसतो. उपयोग काय? ती आधी टोपी काढायला लावते आणि मगच प्रश्न विचारते.