उंचीच्या निम्मी दोरी

हां, तर काल आपण कुठं थांबलो होतो? घड्याळवाल्याच्या पोटाभोवती दोरी पुरली नाही, तिथं. आणि तुम्ही सगळे फिदीफिदी हसलात. हसा, तेव्हा आम्हीही हसलो होतो. पण ही गोष्ट खरं म्हणजे त्याची नाही, त्याच्या बायकोची आहे.

वहिनी इस्पितळातल्या चादरी धुवायच्या कामावर होत्या. ओल्या चादरींचं बोचकं, ज्याला दोन गडी लागावेत, ते एकट्या उचलून यंत्रात लोटायच्या. दंड असे, की तालमीतल्यानं बघून बाह्या खाली कराव्यात. आणि माझा दोस्त घड्याळवाला? जिन्याखालच्या हातभर दुकानात डोळ्याला भिंग लावून दिवसभर बसलेला. मान बारीक, मनगटं बारीक. गल्ली त्याला काडीपैलवान म्हणायची. दोघं रस्त्यानं निघाली, की कोणीतरी ओरडायचंच, "दहाचा आकडा चालला!" तो हसायचा. वहिनीही हसायच्या, पण त्या पदर जरा ओढून घ्यायच्या.

घरातला नियम ठरलेला. लोणी त्याच्या पावाला, वहिनींचा पाव कोरडा. साखर त्याच्या चहात, वहिनींचा चहा बिनसाखरेचा. हा नियम केला अक्कांनी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीनं. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेलं, आणि राहायलाही वरच्याच मजल्यावर. "माझ्या भावाच्या अंगाला काही लागतच नाही गं," हे तिचं पालुपद. लागत होतं हो! पण तो शर्ट ढगळ घालायचा. त्या शर्टाच्या आत उशी बांधल्यासारखं पोट होतं, ते कोण बघतो?

मग इस्पितळानं कामगारांची आणि त्यांच्या घरच्यांची तपासणी ठेवली. मीही गेलो, फुकट आहे म्हटल्यावर मी कुठंही जातो. वजनकाट्यावर घड्याळवाला उंचीच्या मानानं अगदी बरोबर भरला. उतरला तो कॉलर ताठ करूनच. तेवढ्यात नर्सबाईंनी दोरी काढली. त्याच्या उंचीएवढी मापली, दुमडून निम्मी केली आणि बेंबीवरून फिरवली.

"पोट आत ओढू नका. श्वास सोडा."

"सोडला की."

"अजून थोडा शिल्लक आहे, तोही सोडा."

सोडला, आणि दोरीची टोकं एकमेकांपासून चार बोटं लांब! "बाई, दोरी आटलीय तुमची," तो म्हणाला, तेव्हाच आम्ही हसलो.

आमच्या शाळेत मास्तर विचारायचे, मणभर कापूस जड की मणभर लोखंड? मी दरवेळी लोखंड म्हणायचो आणि दरवेळी छडी खायचो. वजन सारखंच, जागा वेगळी, हे मला त्या दिवशी कळलं. नर्सबाई म्हणाल्या, "उंचीच्या निम्म्या दोरीत पोट मावायला हवं. काटा नुसतं वजन सांगतो. त्यात मांस किती आणि चरबी किती, ते सांगत नाही. यांच्या हातापायांवर मांस नाही, आणि चरबी साठलीय पोटात, आतड्यांभोवती. ती चिमटीतही येत नाही. रक्त तपासून घ्या, लोणी-साखर कमी करा आणि रोज चाला." मग वहिनींच्या उंचीची निम्मी दोरी करून त्यांना लावली. ती दोन बोटं कमी पडली. "तुम्हीही चाला," बाई म्हणाल्या, "पण आधी यांना चालवा."

वहिनींनी ते मनावर घेतलं. लोण्याची वाटी टेबलावरून गेली. संध्याकाळी दोघं पुलापर्यंत चालायला लागली. तो रस्ताभर कुरकुरायचा, पण वहिनींच्या पिशवीचा एक बंद धरून चालायचा, हे मी माझ्या खिडकीतून पाहिलंय. रक्त तपासायचं मात्र तो "पुढच्या आठवड्यात" करत राहिला.

आणि मग तो अक्कांकडं जाऊन तक्रार करून आला. लहान भाऊ तो, दुसरं काय करणार?

वहिनी कामावरून येत होत्या. अक्का जिन्यातच उभ्या. आवाज असा, की तिन्ही मजल्यांची दारं उघडली. "स्वतःच्या अंगावर डोंगर चढवलास, आणि माझ्या काटकुळ्या भावाच्या तोंडचं लोणी काढतेस? लाज नाही वाटत?" वरून कोणीतरी फिसकन हसलं. वहिनी पिशवी छातीशी धरून भिंतीच्या कडेनं वर गेल्या. जिना काही अरुंद नव्हता हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घड्याळ द्यायला गेलो, तर वाटी टेबलावर परत आलेली. तो पावाला लोणी लावत होता, आणि वहिनी ओट्याकडं तोंड करून उभ्या होत्या. पुलापर्यंतचं चालणंही त्यानंतर थांबलं.

त्याच्या पुढच्या वर्षी, कुणाचं तरी घड्याळ उघडून समोर ठेवलेलं असताना, तो टेबलावर डोकं टेकून बसला तो उठलाच नाही. गिऱ्हाइकाला वाटलं, डुलकी लागली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. रक्तात साखर बऱ्याच वर्षांपासून वाढलेली असणार, कोणी बघितलीच नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला अक्का एकच सांगायच्या, "अंगावर मूठभर मांस नव्हतं हो त्याच्या! असल्यांना कुठं हा आजार होतो?" आणि येणारे मान हलवत वहिनींकडं बघायचे. वहिनी पाण्याचे पेले भरत राहायच्या.

सगळे गेल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, दोरीचं, नर्सबाईंचं, हे सगळं तुम्ही अक्कांना तेव्हाच का नाही सांगितलंत?"

वहिनी म्हणाल्या, "सांगायला तोंड उघडलं होतं भावजी. पण सगळे माझ्या दंडाकडं बघत होते. चरबी वाईट, हे माझ्या तोंडून कोणी ऐकलं असतं?"